खारातले गरे

माझ्या माहेरी भाजी हा शिक्षेचा प्रकार होता. जामसंड्यात आमचं घर, आणि वडिलांना रोज सकाळी पिशवी घेऊन बंदरावर गेल्याशिवाय चैन पडायचं नाही. सोमवारी आणि संकष्टीला मासे नसायचे. त्या दिवशी बाजारातून कोबी नाहीतर बटाटे यायचे आणि घरातली झाडून सगळी माणसं तोंड पाडून जेवायला बसायची. भाजी कुठल्या वेलीला लागते, कुठल्या महिन्यात लागते, असल्या चौकशा आम्ही कधी केल्या नाहीत. वेलीवरचं दोडकं मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, आणि तेसुद्धा मांडवाखालून वाकून जाताना ते कपाळावर आपटलं म्हणून.

सासर मिळालं ते पिंगुळीच्याही पुढे, आतल्या गावात. घरामागे परडं. परडं म्हणजे घराची भाजी जिथे होते ती विहिरीजवळची जमीन, भोवती कुंपण. आमच्या परड्याला काट्यांच्या वर सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचं कुंपण होतं, रानडुकरांनी बिचकावं म्हणून. पावसाळ्यात आत मांडवावर दोडकी, पडवळं आणि तवशी, म्हणजे आमच्याकडच्या त्या हातभर लांब काकड्या. भात कापून झालं की खालच्या शेतात लाल माठ, मुळे, वाल, चवळी, मिरच्या. मी नवीन आले तेव्हा एकदा सकाळी मोठ्या उत्साहाने विचारलं की आज भाजी कसली करायची. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते.

"आपण काय खातलंव तां आपण नाय ठरवचां," त्या म्हणाल्या. "परड्यात जावचां, काय आसा तां बघूचां, आणि तांच खावचां."

मला त्या वेळी राग आला होता. राग मला लवकर येतो आणि पटकन जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या एका वाक्याने माझी पुढची कितीतरी वर्षं सोपी केली. रोज सकाळी काय करायचं हा प्रश्न घेऊन बायका डोकं धरून बसतात. मी परड्यात जाते. कधी मूठभर भेंड्या मिळतात, कधी नुसता माठ. जे मिळेल त्याची भाजी होते आणि सगळे मुकाट जेवतात.

आमच्याकडे पिकवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं राखण्याचं. तवशी पिवळी पडली की गवताच्या दोरीत बांधून माळ्याच्या वाशाला टांगायची. ती दिवाळीपलीकडे टिकते. भोपळे माळ्यावर. मिरच्या मीठ भरून, उन्हात वाळवून सांडगी व्हायच्या. कोकमाची सोलं, आंबोशी, वाल, कुळीथ, सगळ्याला जागा ठरलेली. आणि या सगळ्यांच्या वर, खुद्द राजाच्या थाटात, कोठीच्या खोलीतली चिनी मातीची मोठी बरणी. तिच्यात खारातले गरे.

ज्यांनी ते खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वैशाखात कापा फणस पुरता तयार झालेला असतो, पण पिकलेला नसतो, तेव्हा तो उतरवतात. गरे सोडवून, आठळ्या काढून ते जाड्या मिठात थरावर थर घालतात. दोनेक दिवसांत पाणी सुटतं, त्या पाण्याची चव बघून लागलं तर आणखी मीठ घालतात, वर दगड ठेवतात आणि तोंड फडक्याने बांधून बरणी विसरून जातात. श्रावणात बाहेर पाऊस कोसळत असतो, परड्यातल्या वेली नुकत्या फुलत असतात, तेव्हा ती उघडायची. गरे पाण्यात घालून खारटपणा उतरवायचा आणि नारळ, सुकी मिरची घालून भाजी करायची. मी माशांवर वाढलेली बाई आहे आणि शपथेवर सांगते, त्या भाजीपुढे पापलेट बाजूला ठेवावं.

गरे घालावेत ते आमच्या सासूबाईंनीच, हे वाडीत सगळे मानायचे. मीठ कमी पडलं तर गरे लिबलिबीत होऊन आंबतात, जास्त झालं तर चिवट होतात आणि कितीही धुवा, खारटपणा हटत नाही. त्या कधी मापाने मीठ घालत नसत. मूठ भरायची, टाकायची, आणि पाणी सुटलं की बोट बुडवून जिभेला लावायचं. डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि मग एकतर बरणी बांधायच्या, नाहीतर अजून चिमूटभर. लग्न होऊन आलेल्या सुना त्यांच्याकडे बघायला यायच्या. श्रावणात बरणी उघडली की शेजारच्या प्रत्येक घरी वाटीभर गरे जायचेच. तो त्यांचा मान होता. दागिने त्यांच्याकडे बेताचेच. पण ती वाटी हातात घेऊन वाडीतून निघायच्या तेव्हा त्यांची मान ताठ असायची.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, होळीनंतर, त्यांना ताप आला. काही दिवस त्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या झोपडीत, एकट्या राहिल्या. नवरा काजूच्या झाडाखाली उभा राहून लांबून हाका मारायचा, मी डबा दगडावर ठेवून यायचे. ताप फार चढला नाही. त्या चालत घरी आल्या तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली आणि आता सगळं संपलं म्हणून हुश्श केलं.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी पेजेची वाटी तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "गरम पाणी दिलंस काय गो?"

चव गेली होती. वास तर गेलाच होता, पण जिभेलाही काही कळत नव्हतं. गूळ, चिंच, मीठ, सगळं सारखं. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. शेजारची काकी म्हणाली तिच्या भाच्याची आठवड्यात आली. आमचे हे रोज विचारायचे, "आये, आज काय लागता?" आणि त्या रोज म्हणायच्या, "काय्येक नाय." तिखट तेवढं कळायचं. पण ते भाजल्यासारखं कळायचं, चव म्हणून नव्हे. तेव्हापासून त्या जेवताना ताटात एक हिरवी मिरची घेऊन बसायच्या. तोंडात काहीतरी घडतंय एवढं तरी समजावं म्हणून असेल.

वैशाख आला. फणस तयार झाले. त्यांनी नेहमीप्रमाणे हाताला खोबरेल चोळलं, चटईवर बसल्या आणि गरे सोडवले. कुणाच्याही मनात काही आलं नाही. त्यांच्याही नसावं. इतकी वर्षं केलेलं काम. हात आपोआप चालत होते. मी त्या दिवसांत नोकरी सांभाळून घरातलं बघत होते. बरणीचं तोंड बांधलेलं मी पाहिलं आणि बरं वाटलं, चला, आईंचं सगळं पूर्वीसारखं सुरू झालं.

श्रावणात बरणी उघडली. भाजी मी केली. पहिला घास यांनी घेतला आणि यांचा चेहरा, काय सांगू, मी हसू दाबायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग मी घास घेतला आणि माझंही हसू गेलं. मीठ म्हणजे नुसतं मीठ. सासूबाई जेवत होत्या, शांतपणे, मिरचीचा तुकडा चावत.

"कसे झाले?" त्यांनी विचारलं.

"बरे झाले गो आये," हे म्हणाले, आणि भाताचा मोठा घास कोंबला.

मी आणखी भात वाढून घेतला. सासूच्या हाताला नावं ठेवणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची आहे. पण गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सासूबाई वाट्या घेऊन वाडीत गेल्या. नेहमीप्रमाणे घरोघरी दिल्या. संध्याकाळपर्यंत सगळीकडून निरोप आले: बरे झाले, लय बरे झाले, तुमच्या हाताची चव ती तुमच्याच हाताची. अख्खी वाडी खोटं बोलली. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. म्हातारी तापातून उठली आहे, चव गेली आहे, तिला कशाला दुखवा, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलं. आमच्या माणसांचा हा स्वभावच आहे. बांधाच्या वीतभर जागेसाठी पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरतील, पण भाजी खारट झाली हे सांगताना त्यांची जीभ उचलत नाही.

मी आणि हे गोठ्यामागे टबात गरे भिजवायचो. पाणी बदलायचो, पुन्हा भिजवायचो. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की हे चोरासारखे टब घेऊन निघायचे. इतकं धुतल्यावर खारटपणा थोडा उतरायचा, पण गऱ्याचा म्हणून जो स्वाद असतो तोही निघून जायचा. जुनं फडकं शिजवल्यासारखी भाजी व्हायची आणि तरी खारट.

गणपती जवळ आले. घर साफ करायला काढलं. सासूबाई कोठीच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी बघायला गेले तर बरणीचं फडकं सोडून त्या आत बघत उभ्या होत्या. हे मागच्या दारी कोळिष्टकं काढत होते. सासूबाईंनी यांनाही हाक मारली.

"गरे सगळ्यांका बरे लागले," त्या म्हणाल्या. "मगे बरणी अशी भरलेली कित्याक?"

हे म्हणाले, "ह्या वर्साक तू जास्त घातलंस म्हणान."

"फणस तितकेच, बरणी तीच. दरवर्साक चवथ येयसर तळ दिसता. काकी दुसऱ्यांदा वाटी घेवन येता. ह्या वर्साक कोण इलां?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी जीभ गेली रे, डोळे आसत."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग. खरां सांग."

"खारट झाले, आई," मी म्हटलं. "तोंडात धरवत नाय."

"पयल्या दिवसापासून?"

"पयल्या दिवसापासून."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला मी ओळखते. त्यांनी बरणीचं फडकं पुन्हा बांधायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. "आणि मी सगळ्या वाडीत वाटीये देवन इलंय," एवढंच म्हणाल्या. गरे खारट होणं ही किरकोळ गोष्ट होती. पण ज्या माणसाने आयुष्यभर चव पारखली, त्या माणसाला सगळ्या वाडीने गोड बोलून खेळवलं होतं, आणि ते त्यांना आमच्या समोर कळलं होतं. हे मागच्या दारी जाऊन उगाच झाडू आपटत राहिले.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळे गरे पाटीत काढले आणि विहिरीजवळच्या माडाच्या आळ्यात ओतले. माडाला मीठ चालतं. बरणी धुतली, सकाळी ऊन पडल्यावर वाळवली आणि कोठीच्या खोलीत पालथी घातली. "आता गरे घालूचे नाय," त्या म्हणाल्या. "ह्या वर्साक नाय, फुडे पण नाय."

दुसऱ्या दिवसापासून चुलीजवळचा मिठाचा डबा त्यांच्या बाजूकडून माझ्या बाजूला आला. स्वयंपाक त्या करायच्या, मीठ मी घालायचं. लोकांना वाटेल, सुनेच्या हाती घर आलं. मला तो डबा डोळ्यांपुढे नको झाला होता. माझी लग्नानंतरची निम्मी भांडणं त्या चुलीपाशी झाली असतील, आणि आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. मी आमटीत मीठ जास्त घातलं तरी त्या बोलत नव्हत्या. त्यांना कळत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं.

भात कापून झालं. खालच्या शेतात वाफे पाडायचे दिवस आले, आणि तिथे त्यांनी जे केलं ते बघून हे कपाळावर हात मारून बसले. माठाला एक वाफा ठेवला, वालाला कडेची जागा, आणि बाकी सगळीकडे मिरची. जिथे बघावं तिथे मिरचीची रोपं.

"इतकी मिरची कोण खातलो?" यांनी विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या. "तां एक कळता माका."

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर शेतात उतरले. तापानंतर त्यांना कळशी उचलून दम लागायचा, म्हणून आधी नुसती पाणी घालायला जायचे. मग राहिलेच. सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर. मिरचीच्या रोपाला पाणी बुंध्यात घालायचं, पानावर नाही; चुलीतली राख सकाळच्या दवावर फुंकायची म्हणजे पानाला धरते; पहिली फुलं आली की मोहात पडून खत जास्त घालायचं नाही, नाहीतर झाड नुसतं माजतं. हे मला लग्नानंतर इतकी वर्षं त्याच घरात राहून ठाऊक नव्हतं. परड्यातून भाजी तोडून आणणं मला यायचं. ती तिथे कशी येते हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी आपणहून शिकवलं नव्हतं, कारण त्यांना वाटायचं जामसंड्याच्या माणसाला यात काय रस असणार.

आम्ही दोघी फारसं बोलायचो नाही. त्या एका वाफ्यात, मी दुसऱ्यात. पण कधी त्या मातीत हात घालून म्हणायच्या, "बघ गो, ओल खंयपर्यंत आसा ती," आणि मी हात घालायचे. बोटं थंड मातीत गेली की दिवसभराची माझी चिडचिड कुठल्या कुठे जायची. त्या हिवाळ्याबद्दल मी आजही मनापासून कृतज्ञ आहे. इतक्या वाईट कारणाने आलेली इतकी चांगली गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

मिरची भरभरून आली. शिमग्याच्या सुमारास शेजारची काकी सांडग्याची आशा धरून पडवीत येऊन बसली. काकीला गप्प बसता येत नाही. "तुमच्या हाताची सांडगी होयी हां," ती म्हणाली. सासूबाई मिरच्यांचे देठ नीट करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सांडग्यात मीठ भरूचां लागता. तां काम आता माझ्याकडे नाय." सगळ्या मिरच्या त्यांनी तशाच लाल करून वाळवल्या. काकी आली तशी गेली.

वैशाखात विहिरीजवळचा फणस लगडला होता. त्याच्याकडे बघून त्या यांना म्हणाल्या, "होये त्येंका नेवंदेत." ज्यांना हवेत त्यांना नेऊ देत, म्हणजे विषय संपला. मला त्या वाक्याचा असा काही राग आला की मी रविवारी सकाळी यांच्याकडून दोन फणस उतरवून घेतले, अंगणात चटई टाकली आणि कोयता घेऊन बसले.

मला फणस कापता येत नाही, हे कोयता पहिल्यांदा घातल्यावर लक्षात आलं. हाताला तेल लावायचं विसरले होते. चीक बोटांना, बोटांचा कोयत्याला, कोयत्याचा साडीला, आणि केस डोळ्यांवर आले ते मागे सारले तर केसांना. पडवीत सासूबाई बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला. मी फणसाशी कुस्ती खेळत होते आणि बडबडत होते.

"तो बांगडो न्हय गो," शेवटी त्या म्हणाल्या. "असो साफ होवचो नाय."

त्या उठल्या, तेलाची वाटी आणली, माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि बसल्या. मला म्हणाल्या, "तू नुसती बघ." त्यांचे हात चालायला लागले. फणस त्यांच्यापुढे शहाण्यासारखा उघडला. गरे एकेक करून पाटीत पडत होते, आठळ्या वेगळ्या. मी जाऊन कोठीतली बरणी उचलून आणली आणि त्यांच्या शेजारी ठेवली. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा गरा सोडवला.

पहिला थर झाला. मिठाची टोपली पुढे ओढून त्यांनी हात घातला आणि थांबल्या. मूठ मिठात तशीच.

"घाला," मी म्हटलं.

"तू घाल."

मी घातलं. "कमी," त्या म्हणाल्या. मी अजून घातलं. "अजून. आता रव." असं थरावर थर करत बरणी भरली. शेवटी त्या बरणीकडे बघत म्हणाल्या, "गेल्या वर्साक पण इतक्यांच घातलेलंय. मगे पाणी सुटल्यार चाखलंय, काय्येक लागाक नाय. म्हणान परत घातलंय. परत चाखलंय, परत घातलंय." त्यांनी आपला तेलकट हात उलटासुलटा करून बघितला. "हात चुकाक नव्हतो."

मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण हात चिकाने भरलेले, आणि आमच्याकडे सासूसुना मिठ्या मारत नाहीत. मी आठळ्या गोळा केल्या.

पाणी सुटल्यावर त्यांनी मला बोलावलं. बोट बुडवून मी जिभेला लावलं.

"कसां लागता?"

"खारट."

"मीठ खारटच लागतलां. कितकां खारट?"

आता हे सांगायचं कसं? मी पुन्हा बोट बुडवलं. त्याच म्हणाल्या, "तू दर्याकडची. दर्याचां पाणी खाल्लंस मा? त्येच्याहून कमी काय जास्त?"

समुद्राचं पाणी मी लहानपणी भरपूर प्यायले आहे, पोहायला शिकताना. आम्हा भावंडांना तर पावसाळ्यातलं खाडीचं पाणी आणि उन्हाळ्यातलं समुद्राचं पाणी नाकातोंडात गेलं की वेगवेगळं कळायचं. इतक्या वर्षांनी ते या घरात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. "दर्याहून जास्त," मी म्हटलं. "घशाक लागता."

"कितकां जास्त?"

"बरांच जास्त. पण..." मला भीती वाटत होती. कमी पडून गरे आंबले तर? आंबलेली बरणी उघडली तर ही बाई पुन्हा कधी मिठाला हात लावणार नाही. "अजून एक मूठ घालूया, आई."

त्यांनी बरणीत पाहिलं. त्यांचा हात काय सांगत होता ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "जीभ तुझी आसा. घाल." मी मूठ टाकली. त्यांनी वर दगड ठेवला आणि फडकं बांधलं.

श्रावण येईपर्यंत मी त्या खोलीत जाताना बरणीकडे बघायचं टाळत होते. माणूस परीक्षेच्या निकालाला घाबरतं तसं मी एका बरणीला घाबरले होते. वाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की गरे घातलेत, आणि कुणीही विषय काढत नव्हतं, काकीसुद्धा नाही.

मग एका सोमवारी, पाऊस नुसता ओतत असताना, सासूबाईंनी स्वतः बरणी उघडली. गरे भिजत घातले, नारळ किसला, भाजी केली. मिठाचा डबा माझ्या बाजूला होता, पण त्या दिवशी त्याची गरज नव्हती. आम्ही तिघं जेवायला बसलो. गरे घट्ट होते, दाताखाली नीट तुटत होते, फणसाचा वास शाबूत होता. यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरे झाले गो आये." या वेळी मनापासून.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ताटात मिरची नव्हती. घास हातात होता, तोंडाकडे नेला नव्हता.

मी भाजी चाखली. पुन्हा चाखली. बरी होती. खरंच बरी होती. कुठल्याही दुसऱ्या घरात मी बोटं चाटत जेवले असते. पण मागून, घास गिळताना, मीठ थोडं वर येत होतं. यांनी मला टेबलाखालून पाय मारला.

"जरासे खारट झाले, आई," मी म्हटलं. "ती शेवटची मूठ. माझी."

हे हताश होऊन माझ्याकडे बघायला लागले. बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं. सासूबाईंनी हातातला घास तोंडात घातला, नीट चावला आणि गिळला. त्यांना काही लागलं नसणार, मला माहीत आहे.

"माका वाटलांच होतां," त्या म्हणाल्या. मग ताट माझ्याकडे सरकवलं, आणखी भाजी वाढ म्हणून. "फुडच्या वर्साक ती मूठ नको घालूया."